बीएमआय आणि कंबरेचा घेर: जादा वजनाचा धोका कसा ओळखावा

बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हा वजन आणि उंची यांचा साधा हिशेब आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. एखाद्याची उंची 160 सेंटिमीटर, म्हणजे 1.6 मीटर, आणि वजन 64 किलो असेल, तर 1.6 गुणिले 1.6 म्हणजे 2.56, आणि 64 भागिले 2.56 म्हणजे 25. हा त्या व्यक्तीचा बीएमआय. उंच माणसाचे वजन जास्त असणारच. उंचीमुळे पडणारा हा फरक बाजूला काढून, अंगावर प्रमाणाबाहेर वजन आहे का ते पाहता यावे, एवढ्याचसाठी हा आकडा काढतात.

हिशेब सोपा असला तरी त्यात चूक होते, आणि ती बहुतेक वेळा उंचीत होते. आपल्याकडे उंची फूट-इंचांत सांगतात आणि 5 फूट 4 इंच हे सर्रास ‘पाच पॉइंट चार’ असे लिहिले जाते. मोबाइलवर किंवा कॅल्क्युलेटरवर 5.4 फूट भरले की ते 164.6 सेंटिमीटर होतात. खरी उंची मात्र 64 इंच, म्हणजे 162.6 सेंटिमीटर असते. वजन 62 किलो असेल तर खरा बीएमआय 23.5 येतो आणि चुकीचा 22.9. पुढे दिसेल की 23 ही भारतीयांसाठी महत्त्वाची रेषा आहे, त्यामुळे एवढ्याशा चुकीने माणूस धोक्याच्या बाजूचा सुरक्षित बाजूला जाऊन बसतो. म्हणून आधी पूर्ण उंचीचे इंच करावेत, त्यांना 2.54 ने गुणावे आणि आलेले सेंटिमीटर वापरावेत. उंची मोजताना पायात चप्पल नसावी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली असावी, नजर समोर असावी आणि केसांचा अंबाडा सोडलेला असावा. चाळिशीनंतर उंची हळूहळू कमी होत जाते. कॉलेजात असताना मोजलेली उंची साठीला वापरू नये.

वजन शक्यतो सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, हलक्या कपड्यांत आणि दर वेळी त्याच काट्यावर करावे. काटा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. अंगातल्या पाण्यामुळे वजन दिवसादिवसाला एखाद-दीड किलोने सहज वर-खाली होते. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी दिसणारी वाढ बरीचशी मिठामुळे अंगात धरलेल्या पाण्याची असते. रोजच्या आकड्याने हुरळून किंवा खचून न जाता आठवड्यातून एकदा नोंद ठेवलेली चांगली.

हा निर्देशांक कोणा डॉक्टरने शोधलेला नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केतले यांनी 1830 च्या दशकात माणसांच्या शरीराची मापे गोळा करताना पाहिले की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे त्यांना शोधायचे होते. आजार हा त्यांचा विषय नव्हता. पुढे 1972 साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे 7,400 पुरुषांची मापे तपासली. वजन-उंचीच्या वेगवेगळ्या सूत्रांपैकी शरीरातल्या चरबीचा अंदाज केतले यांच्या सूत्राने बऱ्यापैकी येतो असे त्यांना आढळले, आणि बॉडी मास इंडेक्स हे नाव त्यांनी रूढ केले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या आणि भारतीयही नव्हते. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की हा निर्देशांक मुळात मोठ्या समूहांची तुलना करण्यासाठी आहे. एका माणसाच्या बाबतीत तो धोक्याची पहिली सूचना देतो, निदान करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत बीएमआय 18.5 पेक्षा कमी असेल तर वजन कमी, 18.5 ते 24.9 योग्य, 25 ते 29.9 जादा आणि 30 किंवा त्याहून अधिक म्हणजे लठ्ठपणा. बहुतेक मोबाइल अ‍ॅप आणि व्यायामशाळेतले तक्ते हीच वर्गवारी दाखवतात. भारतीय माणसाने तिच्यावर विसंबू नये. आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार याहून कमी बीएमआयला सुरू होतात हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 साली 23 आणि 27.5 हे आणखी दोन टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली एकमताने ठरवलेल्या मर्यादा त्याहून कडक आहेत: 23 च्या आत योग्य, 23 ते 24.9 जादा वजन आणि 25 पासून पुढे लठ्ठपणा. किलोंच्या भाषेत सांगायचे तर 5 फूट उंचीच्या व्यक्तीचे वजन 53 किलोंच्या पुढे गेले की ते जादा आणि 58 च्या पुढे गेले की लठ्ठपणा. 5 फूट 2 इंच उंचीला हेच आकडे 57 आणि 62, 5 फूट 6 इंचांना साडेचौसष्ट आणि 70, तर 5 फूट 8 इंचांना साडेअडुसष्ट आणि साडेचौऱ्याहत्तर असे येतात. पुष्कळांना हे आकडे अन्यायाचे वाटतात. आपल्या घरांत ज्याला ‘चांगली तब्येत’ म्हणतात, ती बऱ्याचदा या रेषेच्या पलीकडची असते.

या कडकपणामागचे कारण समजून घ्यायला पुण्याचे उदाहरण फार उपयोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, म्हणजे कोणत्याही तक्त्यात दोघेही निरोगी. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाले. वजन-उंची सारखी असूनही भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे या एका चित्राने जगाला दाखवले.

हे वेगळेपण जन्मापासूनचे आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 साली गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ते 3.5 किलो होते. पुण्याच्या बाळांचे दंड बारीक होते, पोटाचा घेर लहान होता, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीचशी टिकून होती. आईच्या पोटात पोषण कमी पडले की स्नायू आणि इतर अवयव मागे पडतात, चरबी मात्र राखली जाते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा मुलाला पुढे भरपूर खायला आणि बसून राहायला मिळाले की ती वाढीव चरबी ठेवायला त्वचेखालची जागा अपुरी पडते आणि ती पोटात, यकृतात, स्नायूंत साठू लागते. मागच्या दोन पिढ्यांत आपल्याकडे हेच घडले. आजी-आजोबांनी दुष्काळ सोसला, आई-वडील शेतात राबले आणि नातवंडे दहा-दहा तास संगणकासमोर बसतात. शरीराची घडण इतक्या झपाट्याने बदलत नाही.

म्हणूनच भारतीयांनी बीएमआयच्या बरोबरीने कंबरेचा घेर मोजलाच पाहिजे. दोन्हींतले एकच मोजता येणार असेल तर घेर मोजावा, इतके त्याचे महत्त्व आहे. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून शोधावी आणि या दोहोंच्या मधोमध, कपड्यांवरून न घेता थेट अंगावरून, टेप आडवी गुंडाळावी. श्वास सहज सोडून माप घ्यावे. पोट आत ओढू नये आणि टेपही आवळू नये. पँटचे माप या कामाला चालत नाही, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली बांधतात आणि वर्षानुवर्षे तेच माप सांगत राहतात. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा आहे. पुरुषांत 78 आणि स्त्रियांत 72 सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की सावध व्हावे, असेही 2009 च्या त्या तज्ज्ञगटाने सांगितले आहे. आकडे ध्यानात राहात नसतील तर एवढे लक्षात ठेवावे की कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

पोटातली चरबी इतकी घातक का, याचे उत्तर तिच्या जागेत आहे. मांड्या आणि नितंबांवरची त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले मात्र तिथून निघणाऱ्या शिरेवाटे थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठते आणि ते इन्सुलिनला दाद देईनासे होते. स्नायूंचेही तसेच होते. मग तेवढ्याच साखरेसाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. काही वर्षे ते हा भार पेलते, आणि जेव्हा थकते तेव्हा रक्तातली साखर वाढलेली दिसते. मधुमेहाचे निदान होते तो दिवस या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा असतो, सुरुवात कित्येक वर्षे आधीच झालेली असते. याशिवाय चरबीच्या पेशी स्वतःच दाह वाढवणारी आणि रक्तदाब चढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल हे हितकर कोलेस्ट्रॉल घटते, आणि या सगळ्याचा परिणाम हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर होतो.

हा प्रश्न किती पसरला आहे ते देशभरातल्या पाहण्यांतून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आणि मधुमेहतज्ज्ञांच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासात बीएमआयनुसार लठ्ठ असणारे 28.6 टक्के, तर पोटाच्या घेरानुसार लठ्ठ असणारे 39.5 टक्के आढळले. नुसता वजनकाटा पाहिला तर किती माणसे नजरेतून सुटतात, याचा अंदाज या दोन आकड्यांतल्या फरकावरून येतो.

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. जादा वजनाचे बाकीचे परिणाम मात्र वजनाशी जोडले जात नाहीत आणि त्यामुळे दुर्लक्षित राहतात. गुडघेदुखी हे त्यातले सर्वांत ओळखीचे उदाहरण. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. गुडघ्याची झीज झालेल्या लठ्ठ व्यक्तींच्या अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. घोरणे हे आपल्याकडे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. मानेभोवती आणि घशात चरबी साठल्याने झोपेत श्वास मधूनमधून अडणे हा खरे तर आजार आहे. त्यात रक्तातला प्राणवायू रात्रभर घसरत राहतो, रक्तदाब चढतो आणि दिवसा डुलक्या येतात. रात्रीची बस किंवा ट्रक चालवणाऱ्यांत हा आजार अपघातालाही कारण ठरू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच थांबून तो दचकून जागा होत असेल, तर घरच्यांनी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

तरुण मुलींमध्ये वजनवाढ आणि पाळीची अनियमितता पुष्कळदा जोडीने येतात. पीसीओएस हा बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलींचे वजन लवकर वाढते, आणि वाढलेल्या वजनाने पीसीओएस आणखी बळावते. गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाब होण्याची शक्यता वाढते, आणि ज्यांना गरोदरपणी मधुमेह झाला होता त्यांना तो पुढे कायमचा जडण्याचा धोका मोठा असतो. बाळंतपणानंतर साखर पुन्हा तपासून घेणे हे फार कमी घरांत लक्षात राहते, आणि ते राहायला हवे. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यत्वे चरबीच्या ऊतींत तयार होते. त्यामुळे त्या वयात लठ्ठपणाने स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. मोठे आतडे, मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत आणि पित्ताशय धरून एकूण तेरा प्रकारच्या कर्करोगांचा जादा चरबीशी संबंध असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली नोंदवले आहे. पित्ताशयातले खडे आणि दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात साठणारी चरबी, ज्याला फॅटी लिव्हर म्हणतात, हे दोन्ही आजार तर आता सोनोग्राफीच्या अहवालांत नेहमीचे झाले आहेत. अहवालातली ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ ही ओळ वाचून कागद बाजूला ठेवू नये. तिथपासून मागे फिरता येते.

बीएमआय कुठे फसतो हेही माहीत असावे. पैलवानाचा किंवा वजन उचलणाऱ्या खेळाडूचा बीएमआय 28 येईल, पण ते वजन स्नायूंचे असते. उलट, सत्तरीतल्या माणसाचा बीएमआय 22 असूनही स्नायू झडलेले आणि पोट सुटलेले असू शकते. पाठीला बाक आलेला असेल तर उंची कमी मोजली जाते आणि बीएमआय फुगतो. गरोदर स्त्रीसाठी गरोदरपणाआधीचे वजन धरावे. पायांवर सूज असेल तर वाढलेले वजन पाण्याचे असते आणि त्यामागे हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असू शकतो. मुलांना मोठ्यांचे आकडे लावूच नयेत. 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे वय आणि लिंगानुसार वेगळे आलेख आहेत आणि ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलाला दोन-तीन वर्षांनंतर ‘अंग धरावे’ म्हणून तूप-साखर भरवत राहणे टाळावे. दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात, बालपणी ज्यांचा बीएमआय सतत वर सरकत गेला त्यांच्यात तरुणपणी साखरेचे विकार जास्त आढळले, आणि ती मुले लहानपणी लठ्ठही दिसत नव्हती.

बीएमआय 23 च्या पुढे किंवा घेर मर्यादेच्या पुढे असेल तर पहिले पाऊल तपासणीचे असावे. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी, कोलेस्ट्रॉल आणि ट्रायग्लिसराइड, यकृताची एसजीपीटी आणि गरज वाटल्यास थायरॉइड एवढे पुरेसे आहे. घरात कोणाला मधुमेह असेल तर तिशीची वाट पाहू नये. भारतीय तज्ज्ञांनी जानेवारी 2025 मध्ये लठ्ठपणाचे दोन टप्पे केले ते याच विचाराने. 2009 च्या मर्यादांप्रमाणे 25 पासून न धरता इथे लठ्ठपणा 23 च्या पुढेच धरला आहे. बीएमआय 23 च्या पुढे, पण अवयवांवर परिणाम नाही, तो पहिला टप्पा. पोटाचा घेर वाढलेला आणि जोडीला आजार किंवा हालचालींत अडचण आलेली, तो दुसरा. उपचार किती जोरकस हवेत हे या टप्प्यावर ठरते. वजन अचानक वाढले असेल तर चालू औषधांचीही चौकशी करावी, कारण स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधे वजन वाढवतात. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलता येतात का ते पाहावे. आणि काहीही न करता वजन भराभर उतरत असेल तर आनंद मानू नये. मधुमेह, क्षयरोग किंवा थायरॉइडचा विकार असा सुरू होऊ शकतो.

वजन घटवताना ध्येय लहान ठेवावे. 80 किलोंच्या माणसाने 60 किलो गाठण्याची गरज नसते. पाच ते दहा टक्के, म्हणजे चार ते आठ किलो घटले तरी साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत मोजता येण्याजोगा फरक पडतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या 2002 सालच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालणे एवढेच ध्येय होते. त्याने मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेला 2006 सालचा अभ्यास आपल्याला आणखी जवळचा आहे. त्यात आहार आणि चालण्याने मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, तोही वजन फारसे कमी न होता. महिनाभर चालूनही काटा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आहाराचा हिशेब चहापासून सुरू करावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम साखर, सुमारे 160 उष्मांक, आणि त्याने पोटाला काहीच आधार मिळत नाही. तेलाचा एक लहान चमचा 45 उष्मांकांचा असतो. फोडणीत तेल डोळ्यांच्या अंदाजाने ओतण्याऐवजी महिन्याचे तेल मोजून आणले की ते आपोआप आवरते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले तर तो दिवस रोजच्या जेवणापेक्षा जड होतो. भाकरी हितकर आहे म्हणून तीन-चार खाण्यानेही वजन उतरत नाही. मराठी ताटात आमटी, उसळ, ताक, कोशिंबीर आणि पालेभाजी आधीपासून आहेत. त्यांची वाटी मोठी आणि भात-पोळीची जागा लहान करावी. मांसाहारी घरांत अंडी आणि मासे आहेतच, फक्त ते दर वेळी तळलेले नसावेत. प्रथिने पुरेशी असली की भूक लवकर लागत नाही आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. आपल्या शरीरात स्नायू आधीच कमी असल्याने नुसते चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी बैठका, दंड, जिना चढणे किंवा वजन उचलणे यांपैकी काहीतरी ताकदीचे करावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने सुरुवात करावी.

एवढ्याने भागत नसेल तेव्हा औषधांचा विचार होतो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भूक कमी करतात. मोठ्या चाचण्यांत पहिल्याने सरासरी सुमारे 15 टक्के आणि दुसऱ्याच्या मोठ्या मात्रेने सुमारे 20 टक्के वजन घटलेले आढळले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास पुष्कळांना होतात, आणि औषध थांबवले की घटलेल्या वजनातले बरेचसे परत येते. ही इंजेक्शने ओळखीच्या दुकानदाराकडून आणून लग्नापुरती घेणे धोक्याचे आहे. फार वाढलेल्या वजनासाठी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठरावर केली जाणारी, शस्त्रक्रिया हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. आशियाई लोकांत ती बीएमआय 27.5 पासून सुचवता येते, असे आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 साली म्हटले आहे. मधुमेह नवा असेल तर तो अनेकदा या शस्त्रक्रियेनंतर औषधांशिवाय आटोक्यात राहतो. मात्र त्यानंतर जेवण कायमचे थोडे-थोडे घ्यावे लागते, लोह, कॅल्शियम, बी-12 आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात, आणि दर वर्षी रक्त तपासून घ्यावे लागते.